क्यूएचा रकाना पुसला: औषध-बिलिंग टीमच्या प्रकल्प नोंदी

आमचं सॉफ्टवेअर मेडिकलवाले आणि औषधांचे होलसेलर वापरतात: खरेदी, बॅच, एक्सपायरी, बिलं, जीएसटीचा हिशेब. टीम पुण्यात बसते. सहा डेव्हलपर, दोन टेस्टर (त्यातली एक मी), एक प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारी व्यक्ती), आणि सपोर्टला एक काका. काका आमच्याकडे येण्याआधी एका औषध-होलसेलरकडे हिशेब लिहायचे. सर्व्हर जावात, डेटाबेस पोस्टग्रेस, कामाच्या कार्डांचा बोर्ड जिरा या साधनावर, बिल्ड (कोड जोडून आपोआप तपासणं) गिटहब ॲक्शन्सवर. स्प्रिंट, म्हणजे कामाच्या फेऱ्या, दोन आठवड्यांचे, आणि दर स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत सगळी कार्डं आम्हा दोघींच्या अंगावर येऊन पडायची. ते मोडायला घेतलं तेव्हापासूनच्या या नोंदी आहेत. कानबान म्हणजे काय आणि अजाइल म्हणजे काय, ते इथे सापडणार नाही.

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

बोर्डाचे रकाने आज असे आहेत (क्यूए म्हणजे आमची तपासणी, कोड रिव्ह्यू म्हणजे लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून पाहणं): करायचं, चालू, कोड रिव्ह्यू, क्यूएसाठी तयार, क्यूएमध्ये, झालं.

मॅनेजरांचं म्हणणं, टेस्टिंग हळू आहे, तिसरी टेस्टर घेऊ. घ्यायला हरकत नव्हती, पण आधी गेल्या दोन स्प्रिंटमधल्या कार्डांचा इतिहास उघडून बसले. कोणतं कार्ड कोणत्या रकान्यात कधी आलं आणि कधी हललं याच्या तारखा जिरात असतातच, त्या एका शीटमध्ये उतरवल्या. बहुतेक कार्डांची प्रत्यक्ष तपासणी अर्ध्या दिवसात उरकली होती. त्याआधी मात्र ती ‘क्यूएसाठी तयार’मध्ये दिवसेंदिवस बसून होती. आणि चूक सापडून परत गेलेलं कार्ड आणखी थांबायचं, कारण डेव्हलपरने तोवर दुसरं काम हातात घेतलेलं असायचं. आठवड्यापूर्वीचा कोड पुन्हा डोक्यात भरायला त्याला एक सकाळ लागायची.

शीट दाखवल्यावर तिसऱ्या टेस्टरचा विषय तूर्त बाजूला पडला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सोमवारीच ‘क्यूएमध्ये’ या रकान्याला तीन कार्डांची मर्यादा लावली होती. मर्यादा ओलांडली की जिरात रकाना लाल होतो. कार्ड अडत नाही, ते माणसांनीच अडवायचं असतं. म्हटलं, लाल दिसलं की लोक थांबतील.

थांबले की! फक्त एक घर मागे थांबले. आता सगळी कार्डं ‘कोड रिव्ह्यू’मध्ये. रिव्ह्यू झालेला, मुख्य कोडमध्ये मिसळलेला (मर्ज), पण कार्ड पुढे ढकलायचं नाही, कारण पुढचा रकाना लाल. पोलिसाने एक चौक मोकळा करावा आणि कोंडी मागच्या चौकात सरकावी, तसं झालं. स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीला, एकाने सांगितलं, “माझं काम झालंय, फक्त तुमच्याकडे जागा नाहीये.” हे वाक्य लिहून ठेवलंय. आमचं सगळं दुखणं त्या ‘तुमच्याकडे’त आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

मधे आणखी एक प्रयोग करून मोडला. प्रत्येक कार्डाखाली तपासणीचं वेगळं उपकार्ड काढायचं, म्हणजे तपासणीचं काम ‘दिसेल’ अशी कल्पना होती. दिसलं ते भलतंच. मुख्य कार्ड ‘झालं’मध्ये जाऊन बसलं आणि उपकार्ड उघडंच. प्रॉडक्ट ओनरच्या अहवालात फीचर पूर्ण, आमच्या यादीत तपासायचं बाकी. एका होलसेलरला “आलंय” असं कळवूनही झालं होतं. सगळी उपकार्डं बंद केली.

कोणी हे करायच्या विचारात असेल तर करू नका. काम एक असेल तर कार्डही एकच हवं.

१८ ऑगस्ट, सोमवार

नवा बोर्ड. क्यूएचे दोन्ही रकाने काढून टाकले, कोड रिव्ह्यूचाही काढला. आता रकाने असे:

निवडलेलं – बोलून घेतलेलं – हातात – रिलीजला तयार – झालं.

‘हातात’ची मर्यादा पाच. सहा डेव्हलपर आणि दोन टेस्टर मिळून पाच कार्डं, म्हणजे कोणीतरी कोणाबरोबर बसणं भागच आहे. कोड, रिव्ह्यू, तपासणी, सुधारणा सगळं या एकाच रकान्यात. ‘रिलीजला तयार’मध्ये जायचं तर तपासलेलं हवं, आपोआप चालणारी टेस्ट लिहिलेली हवी, आणि सपोर्टसाठी चार ओळींची टीप हवी. ‘डन’ची व्याख्या एवढीच ठेवली. आधीची सतरा मुद्द्यांची होती आणि कोणी वाचत नव्हतं.

आक्षेप दोन आले. डेव्हलपर म्हणाले, आम्ही टेस्टिंग करायचं तर कोड कधी लिहायचा? मॅनेजर म्हणाले, डेव्हलपर टेस्ट लिहिणार तर टेस्टर काय करणार? पहिल्याला उत्तर म्हणून शीट पुन्हा उघडली: परत आलेल्या कार्डांवर जाणारा वेळ तुमचाच होता. दुसऱ्याला आज धड उत्तर देता आलं नाही. “काय तपासायचं ते कोड लिहायच्या आधी ठरवू” एवढं म्हणाले, आणि ते मलाच मोघम वाटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

‘बोलून घेतलेलं’ या रकान्यात कार्ड यायचं तर प्रॉडक्ट ओनर, कोड लिहिणारा आणि एक टेस्टर यांनी एकत्र बसून उदाहरणं लिहायची. पहिल्या बैठका तासतासभर चालल्या. बटण कुठे असावं यावरच अर्धा वेळ जाई. मग नियम केला: वीस मिनिटं, स्क्रीनवर फक्त एक तक्ता, त्यात ‘आधीची स्थिती, कृती, अपेक्षित आकडा’ एवढेच रकाने. आकडा लिहिता येत नसेल तर कार्ड परत ‘निवडलेलं’मध्ये.

यातून एक कार्ड कोडाची एकही ओळ न लिहिता निकालात निघालं. ‘स्कीम’च्या फुकट मालावर (दहावर एक फ्री) कर कसा दाखवायचा याचं उदाहरण लिहायला बसलो, तेव्हा कळलं की प्रॉडक्ट ओनर आणि डेव्हलपर यांच्या डोक्यात दोन वेगळी बिलं होती. आधीच्या पद्धतीत हे मला दहा दिवसांनी बग म्हणून सापडलं असतं.

परवापासून गणपती. टीम निम्मी असेल. मर्यादा पाचाची तीन केली. माणसं कमी तर मर्यादाही कमी, हे आधी लक्षात आलं नव्हतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

आपोआप चालणाऱ्या टेस्ट. ब्राउझरमधून चालणाऱ्या टेस्ट प्लेराइटमध्ये लिहायला घेतल्या आहेत. एकेक चालवली की हिरवी (पास), सगळ्या एकदम चालवल्या की रोज वेगळीच लाल (नापास).

कारण शोधायला दोन दिवस गेले. सगळ्या टेस्ट स्टेजिंगवरच्या (चाचणीच्या सर्व्हरवरच्या) एकाच दुकानाच्या नावाने बिलं बनवत होत्या. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको. एका टेस्टची अपेक्षा होती की पुढचं बिल १०५ नंबरचं असेल, आणि तेवढ्यात शेजारी चालू असलेल्या टेस्टने १०५ घेऊन टाकलेलं असायचं.

उपाय: प्लेराइट प्रत्येक समांतर प्रक्रियेला एक क्रमांक देतो. तो वापरून प्रत्येकीसाठी सुरुवातीलाच वेगळं दुकान तयार करायचं, त्याची बिलांची मालिकाही वेगळी. टेस्ट संपल्यावर डेटा पुसत बसायचं नाही. पुसणारी स्क्रिप्टच अर्ध्यात पडायची आणि पुढची टेस्ट घाणीत सुरू व्हायची. रात्री स्टेजिंगचा डेटाबेस मूळ प्रतीवरून नव्याने उभा करतो.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री उशिरा जीएसटी परिषदेची ५६वी बैठक संपली आणि दर बदलल्याची घोषणा झाली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाणार. बहुतेक औषधं १२ वरून ५ वर, ३३ जीवरक्षक औषधं १२ वरून शून्यावर, आणि तीन औषधं ५ वरून शून्यावर. लागू २२ सप्टेंबरपासून.

सकाळी सपोर्टचा फोन खाली ठेवता येत नव्हता. हातात अठरा दिवस, त्यात शनिवारी विसर्जन.

बोर्डावर सगळ्यात वर ‘तातडीची’ आडवी पट्टी काढली. तिच्यात एका वेळी एकच कार्ड. मॅनेजरांना दर-बदलाची सगळी कार्डं तातडीच्या पट्टीत हवी होती. नाही म्हटलं. सगळंच तातडीचं झालं तर पट्टीला अर्थ राहत नाही. त्याऐवजी दर-बदलाशी संबंध नसलेलं सगळं ‘हातात’मधून मागे घेतलं, अर्धवट काम तसंच फ्लॅगमागे (कोडमधल्या चालू-बंद खुणेमागे) बंद करून ठेवलं. मर्यादा नेहमीची पाचच (तीन फक्त गणपतीपुरती होती). या दिवसांत ती वाढवायचा मोह सगळ्यात जास्त होता, आणि न वाढवल्याचं समाधानही सगळ्यात जास्त आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

उदाहरणांच्या बैठकीत काकांना बोलावलं. हे आधीच करायला हवं होतं. प्रॉडक्ट ओनरच्या लेखी काम सोपं होतं: दरांच्या तक्त्यात १२ च्या जागी ५. काकांनी एकेक बिल सांगायला सुरुवात केली आणि तक्ता वाढतच गेला.

पहिलं उदाहरण एमआरपीचं. स्ट्रिपवर ११२ रुपये छापलेत, त्यात १२ टक्के कर धरलेला, म्हणजे मूळ किंमत १००. नव्या दराने ती स्ट्रिप १०५ ला विकली जायला हवी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये विक्रीची किंमत बॅचच्या एमआरपीवरून उलटी काढली जाते. नुसता दर बदलला असता तर गिऱ्हाइकाकडून ११२ च घेतले असते आणि मूळ किंमत १०६.६७ दाखवली असती. कराचा हिशेब बरोबर, बेरीज बरोबर, टेस्ट हिरवी, आणि दर कमी झाल्याचा फायदा दुकानदाराच्या गल्ल्यात. असला बग टेस्टिंगच्या रकान्यात कधीच सापडत नाही, कारण बिल दिसायला अगदी बरोबर असतं.

दुसरं, एक्सपायरी झालेला माल. मेडिकलवाला तो होलसेलरकडे परत पाठवतो. २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या जीएसटी परिपत्रकाने याला दोन वाटा दिल्या आहेत: मूळ बिलावर क्रेडिट नोट (त्या बिलाची रक्कम कमी करणारी नोंद), किंवा परत पाठवणाऱ्याने नवं बिल काढून केलेली नवी विक्री. जुलैत १२ टक्क्यांनी विकलेला माल ऑक्टोबरमध्ये क्रेडिट नोटने परत आला तर नोटेवर १२ टक्के. तोच माल नव्या बिलाने परत आला तर ५ टक्के. म्हणजे दोन दर एकाच दिवशी, एकाच औषधाला, दोन्ही बरोबर. कोड क्रेडिट नोटेलाही आजचा दर लावत होता.

तिसरं, शून्य दराची औषधं. आमचा दर एचएसएन कोडाला (मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकाला) जोडलेला आहे. औषधी गोळ्यांचा कोड ३००४. शून्यावर आलेली ३३ औषधं मात्र नावानिशी दिली आहेत, म्हणजे ३००४ मध्येच काही ५ टक्के आणि काही शून्य. दर आता औषधाच्या मास्टरला (त्या-त्या औषधाच्या मूळ नोंदीला) जोडावा लागणार. हे सगळ्यात मोठं कार्ड निघालं आणि त्याचा अंदाज आधी कोणालाच नव्हता.

मॅनेजर त्या बैठकीला मागे बसून होते. टेस्टर काय करणार, हा प्रश्न त्यानंतर आला नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

२२ तारखेचं बिल आज कसं तपासायचं? प्लेराइटमध्ये ब्राउझरचं घड्याळ पुढे करता येतं. केलं. स्क्रीनवर २२ सप्टेंबर दिसलं, दर ५ दिसला, टेस्ट हिरवी. डेव्हलपर खूश.

मग सहज म्हणून डेटाबेसमध्ये ते बिल उघडलं. तारीख १२ सप्टेंबर, दर १२ टक्के. घड्याळ फक्त ब्राउझरचं पुढे गेलं होतं, सर्व्हरला त्याचा पत्ताच नाही. टेस्ट पडद्यावरचा आकडा वाचून मोकळी झाली होती.

सर्व्हरच्या कोडमध्ये ‘आत्ताची वेळ’ तीसेक ठिकाणी थेट विचारली जात होती. ती सगळी ठिकाणं बदलून जावाचा क्लॉक हा ऑब्जेक्ट बाहेरून देण्याची सोय केली. म्हणजे टेस्टमध्ये हवी ती तारीख देता येते. हे कंटाळवाणं काम दोघांनी मिळून केलं, आणि त्याचा फायदा लगेच दिसला. मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे एकेका मिनिटाची बिलं बनवली, तर २२ तारखेच्या रात्री १२ वाजून १० मिनिटांच्या बिलाला जुना दर लागला. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर बरोबर, बिल्डच्या मशीनवर चूक. त्या मशीनचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आणि आपली मध्यरात्र म्हणजे तिथली आदल्या दिवशीची संध्याकाळी साडेसहा. आमचा खरा सर्व्हरही यूटीसीवरच आहे. म्हणजे नवा दर पहाटे साडेपाचला लागू झाला असता. रात्रभर उघडी असणारी हॉस्पिटलजवळची मेडिकल आमच्याकडे बरीच आहेत.

दर ठरवताना तारीख नेहमी भारतीय वेळेने काढायची, असा बदल केला. टेस्ट आता मुद्दाम दोन्ही टाइमझोनमध्ये चालते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

प्लेराइटमध्ये एखादी टेस्ट पडली तर ती आपोआप दोनदा पुन्हा चालवायची, असं सेटिंग आम्ही सुरुवातीलाच ठेवलं होतं. दुसऱ्यांदा पास झाली तर अहवालात ‘फ्लेकी’ असा शिक्का बसतो आणि बिल्ड हिरवं राहतं. ‘घाईत दोनदा सेव्ह दाबलं’ ही टेस्ट कित्येक दिवस फ्लेकी होती. सगळे म्हणत, नेटवर्कमुळे असेल.

आज तिचा ट्रेस (टेस्टच्या प्रत्येक पावलाची नोंद) उघडून पाहिला. टेस्टमध्ये काहीच खोट नव्हती. दोन विनंत्या एकाच वेळी पोचल्या की कोड ‘शेवटचा क्रमांक अधिक एक’ असं करून दोघींना एकच बिल क्रमांक देत होता. कधी कधीच घडणारा खरा बग, आणि आमच्याच सेटिंगने तो झाकलेला.

पोस्टग्रेसची सीक्वेन्स (आपोआप पुढचा नंबर देणारी सोय) वापरता येत नाही, कारण व्यवहार मागे फिरला तर मधला नंबर वाया जातो, आणि इथे क्रमांक सलग हवेत. म्हणून दुकानागणिक एक मोजणीची ओळ, ती ओळ कुलूपबंद करून नंबर घ्यायचा. शिवाय दुकान, आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक यांवर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच नंबर दोनदा बसूच नये.

पुन्हा चालवायचं सेटिंग शून्यावर आणलं. दोन दिवस बिल्ड सारखं लाल राहील. राहू दे. फ्लेकी टेस्ट दिसली की तातडीच्या पट्टीत कार्ड.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल दरांच्या अधिसूचना निघाल्या. घोषणेवरून भरलेला औषधांचा तक्ता अधिसूचनेशी ओळ-ओळ ताडून पाहिला. एक जण वाचतो, एक जण टिक करतो. कोड तपासायला आम्ही इतक्या गोष्टी उभारल्या, पण डेटासाठी दोन माणसं आणि एक प्रिंटआउट. नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक सापडले. त्यातला एक तसाच राहिला असता तर शून्य दराच्या औषधावर ५ टक्के लागले असते.

पैशांच्या गोलाईचं एक उदाहरण इथे नोंदवते, कारण ते सगळ्यांना लागेल. १०.१० रुपयांवर ५ टक्के म्हणजे ०.५०५, गोल करून ५१ पैसे. पण बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) वेगळे छापतात, प्रत्येकी २.५ टक्के, म्हणजे ०.२५२५, गोल करून २५ पैसे. दोन्ही मिळून ५०. आमच्या एका अहवालात ५१ यायचे, बिलावर ५०. आता एकच नियम: आधी दोन्ही भाग गोल करायचे, मग बेरीज.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. रात्री बारा वाजता तिघे जागे होतो. पहिली बिलं बरोबर निघाली, एक्सपायरीच्या नोटा बरोबर, झोपलो.

सकाळी नऊला पहिला फोन: “मॅडम, बिलावर अजून बाराच टक्के येतायत.” सगळ्या बिलांवर नव्हते, ठरावीक बिलांवरच. दुकान बंद करताना अर्धवट राहिलेलं बिल लोक ‘होल्ड’वर टाकतात आणि सकाळी गिऱ्हाईक आलं की पुरं करतात. होल्डवरच्या बिलात दर त्या त्या ओळीबरोबर साठवलेला होता, २१ तारखेचा. माल २२ ला दिला, बिल २२ ला निघालं, दर जुना. आमच्या तक्त्यात होल्ड हा शब्दच नव्हता. काका त्या आठवड्यात एका बैठकीला नव्हते. त्यांना विचारलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं.

तातडीच्या पट्टीत कार्ड. एक डेव्हलपर आणि मी एकाच मशीनवर बसलो. आधी पडणारी टेस्ट लिहिली, मग दुरुस्ती: होल्ड उघडताना दर नव्याने काढायचा आणि बदलला असेल तर दुकानदाराला दाखवायचा. दुपारच्या आत रिलीज. ऑगस्टआधी असा हॉटफिक्स संध्याकाळपर्यंत क्यूएच्या रांगेतच राहिला असता, हे खरं. पण सकाळभरात चुकलेल्या बिलांच्या क्रेडिट नोटा काढण्यात सपोर्टचे पुढचे दोन दिवस गेले, हेही खरं.

दुसरी एक गोष्ट हुकली. काही दुकानांत ऑफलाइन चालणारं जुनं व्हर्जन होतं. नवा सर्व्हर आणि जुना क्लायंट ही जोडी कोणीच तपासली नव्हती. त्या दुकानांना फोन करून एकेक अपडेट करावं लागलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्यानंतर सगळे एकत्र बसलो. बदल तीन:

‘बोलून घेतलेलं’साठी सपोर्टमधला माणूस आता असलाच पाहिजे. काका नसतील तर कार्ड थांबेल. प्रॉडक्ट ओनरला हे आवडलेलं नाही.

बुधवारी दुपारी आम्ही दोघी कोणतंही कार्ड हातात न घेता सॉफ्टवेअर दुकानदारासारखं वापरतो. होल्ड, लाइट जाणं, प्रिंटरचा कागद संपणं, एकाच काउंटरवर दोन बिलं. हा वेळ मागितला तेव्हा “यातून मिळणार काय” असं विचारलं गेलं. २२ तारखेची आठवण पुरेशी झाली.

जुन्या क्लायंटबरोबरची टेस्ट दर रिलीजआधी चालते.

मॅनेजरांनी आपण होऊन आणखी एक गोष्ट केली. माणशी किती कार्डं संपवली हा तक्ता त्यांनी बंद केला. तो असेपर्यंत कोणीही दुसऱ्याच्या कार्डावर मनापासून बसत नव्हतं, आणि हे सांगायची आमची हिंमत होत नव्हती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

खर्चाची नोंद. गिटहबच्या आमच्या प्लॅनमध्ये खासगी रिपॉझिटरीसाठी महिन्याला ३००० मिनिटं मिळतात, त्यापुढे साध्या लिनक्स मशीनच्या मिनिटाला ०.००८ डॉलर (हा २०२५ चा दर). सप्टेंबरमध्ये कोटा महिना संपायच्या बराच आधी संपला. पैसे फार गेले नाहीत. खटकला तो वेळ. प्रत्येक पुल रिक्वेस्टमागे (नवा कोड मिसळायच्या विनंतीमागे) पाऊण तास थांबायचं, आणि थांबलेला माणूस नवं कार्ड उचलतो, मग पाचाची मर्यादा कागदावरच.

आधी टेस्ट चार मशीनवर वाटल्या. थांबणं कमी झालं, मिनिटं मात्र वाढली, कारण प्रत्येक मशीन उभं करायचा वेळ वेगळा मोजला जातो आणि प्रत्येक जॉब पुढच्या पूर्ण मिनिटाला गोल होतो. मग टेस्टच पाहायला घेतल्या. दरांची सगळी उदाहरणं आम्ही उत्साहाच्या भरात ब्राउझरमधून तपासत होतो. बिल उघड, औषध शोध, सेव्ह कर, आकडा वाच. तीच उदाहरणं जेयुनिटच्या (ब्राउझर न उघडता थेट जावा कोड तपासणाऱ्या साधनाच्या) पॅरामीटर असलेल्या टेस्टमध्ये हलवली: ९ सप्टेंबरचा तक्ता जशाच्या तसा एका फाइलमध्ये, आणि कोड तो ओळीओळीने वाचतो. आता त्या सेकंदांत उरकतात. ब्राउझरमध्ये फक्त वाटा ठेवल्या: रोखीचं बिल, उधारीचं बिल, परतावा, होल्ड, डबल क्लिक. पुल रिक्वेस्टवर एवढंच चालतं, बाकी सगळं रात्री.

अनपेक्षित फायदा असा की तक्त्याची फाइल काका स्वतः उघडून वाचतात. परवा त्यांनी तिच्यात दोन ओळी वाढवून पाठवल्या. एक ओळ पडली. बग खरा होता.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीचे दिवस सुट्ट्यांमुळे मोजत नाही. त्यानंतरची स्थिती: स्प्रिंट नावाला उरलाय, दर दुसऱ्या सोमवारी नियोजन होतं तेवढंच. रिलीज आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी. शुक्रवारी नाही, कारण शनिवारी मेडिकलवाल्यांची गर्दी असते. शेवटच्या दोन दिवसांचा ढीग संपला. परत जाणारी कार्डं अजून आहेत, पण ती त्याच दिवशी सुटतात, कारण डेव्हलपर शेजारीच बसलेला असतो.

न सुटलेलं बरंच आहे. दोन डेव्हलपर अजूनही टेस्ट शेवटी लिहितात, रिव्ह्यूत विचारल्यावर. महिनाअखेरीला होलसेलरचे मोठे अहवाल निघतात, त्या भाराची तपासणी कोणत्याच कार्डात बसत नाही, म्हणून ती होत नाही. ‘रिलीजला तयार’मध्ये कार्डं आता साचायला लागली आहेत, कारण रिलीजची परवानगी अजून एकाच माणसाच्या हातात आहे. रांग शेवटच्या रकान्यात पोचली.

सोमवारपासून ‘हातात’ची मर्यादा चारवर आणतोय आणि ‘रिलीजला तयार’ला पहिल्यांदाच मर्यादा लावतोय, तीनची. ती भरली की नवं कार्ड कोणी उचलायचं नाही, सगळ्यांनी रिलीजच्या मागे लागायचं. परवानगी देणाऱ्यांना हे आज दुपारी सांगायचं आहे.